मागाच्या खोलीतली अंडी

बेळगावच्या वडगाव भागातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. तिथला हातमाग काढून पंचवीस वर्षे होऊन गेली, तरी घरात तिला अजून मागाची खोलीच म्हणतात. जाड मातीच्या भिंती, वर कौले, एकच लहान खिडकी, आणि सासरे ज्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसत तो आता फरशीखाली बुजलेला खड्डा. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून या खोलीत पूर्वी ओलावा जपला जाई. कोपऱ्यात पाण्याचे मडके असे आणि जमिनीवर दोन वेळा पाणी शिंपडले जाई. २०२२ च्या जून ते ऑगस्ट या काळात याच खोलीत, थर्मोकोलच्या एका खोक्यात, मी कासवाची आठ अंडी उबवली आणि त्यांतून पाच पिल्ले जिवंत बाहेर आली. त्याआधीच्या वर्षी दोन वेळची अंडी माझ्या अज्ञानामुळे वाया गेली होती. ज्यांच्या घरात कासवाची मादी आहे त्यांच्यावर ही वेळ कधी ना कधी येते, आणि त्या वेळी विचारायला जवळपास कोणी नसते, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहीत आहे.

आमची कासवे रेड इअर्ड स्लायडर जातीची आहेत. डोळ्यामागे लाल पट्टा असलेली ही पाणकासवे मूळची अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. आपल्याकडे शोभेच्या माशांच्या दुकानांतून ती सर्रास विकली जातात. २०१३ मध्ये माझ्या मुलाने, तेव्हा तो सहावीत होता, साठवलेल्या पैशांतून अशी दोन पिल्ले आणली. ती एवढीच राहतात, असे दुकानदाराने त्याला सांगितले होते. आज मादीचे कवच २४ सेंटिमीटर लांब आहे आणि नराचे १६. मुलाने त्यांची नावे मोठी आणि धाकटा अशी ठेवली. पुढे तो शिकायला बेंगळूरला गेला आणि कासवे माझ्याकडे राहिली. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्याचे काम करते. रोजच्या रोज टिपण ठेवण्याची सवय त्यातूनच लागली आणि कासवांच्या बाबतीतही ती माझ्या उपयोगी पडली.

कायद्याची बाजू मी अंड्यांच्या कितीतरी आधी समजून घेतली होती. आपल्या तळ्यांत आणि नद्यांत सापडणारी देशी कासवे, तशीच पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले जमिनीवरचे कासव, यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ती पकडणे, विकणे आणि घरात ठेवणे हा गुन्हा आहे. शेतात सापडलेले कासव शुभ म्हणून घरी आणून टपात ठेवणारी माणसे आमच्या भागात आजही भेटतात, म्हणून हे स्पष्ट लिहिले पाहिजे. आमची कासवे परदेशी असल्याने त्या यादीत येत नाहीत, एवढी खात्री मी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन करून घेतली. तिथल्या गृहस्थांनी कानडीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली, की ही ‘आमे’ कधीही हळ्ळात किंवा केऱ्यात सोडू नका. ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका, या सूचनेचे वजन मला तेव्हा पुरते कळले नव्हते.

परसात आम्ही त्यांच्यासाठी पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट खोल असा सिमेंटचा हौद बांधून घेतला होता आणि ऊन खायला मध्ये जांभ्याचा एक चिरा ठेवला होता. २०२० च्या पावसाळ्यानंतर धाकटा एक नवीनच प्रकार करू लागला. तो मोठीच्या समोर येई, पुढचे दोन्ही पाय तिच्या तोंडापुढे धरी आणि लांब नखे अशी थरथरवी की पाण्यात बारीक लहरी उठत. नराच्या पुढच्या पायांची नखे मादीपेक्षा बरीच लांब असतात, त्याचे कारण हेच. ती डोळे मिटून घेई किंवा वळून निघून जाई. यांची भांडणे होत आहेत असे समजून मी काही दिवस त्यांना वेगळे ठेवले. हे भांडण नसून जुळणी आहे, हे मुलाने फोनवर सांगितले तेव्हा कळले.

२०२१ च्या मार्चमध्ये मोठीने खाणे सोडले. दिवसभर ती हौदाच्या भिंतीला लागून येरझाऱ्या घाली आणि मागच्या पायांनी सिमेंट खरवडत राही. पाचव्या दिवशी सकाळी हौदाच्या तळाशी चार पांढरी, लांबट अंडी पडलेली दिसली आणि त्यांतले एक धाकट्याने अर्धे खाल्लेले होते. पाण्यात पडलेल्या अंड्यातला जीव बुडून मरतो. ही अंडी जमिनीतलीच असतात. मादी तरीही अस्वस्थच होती, म्हणून तिला शहरातल्या एका पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी क्ष-किरण फोटो काढला. कवचाच्या करड्या सावलीत आणखी तीन अंडी स्पष्ट दिसत होती. मादीला उकरायला माती मिळाली नाही तर ती अंडी पोटात अडवून धरते, आणि तसे फार दिवस राहिले तर तिच्या जिवाला धोका असतो, असे त्यांनी समजावले, कॅल्शियमचे इंजेक्शन दिले आणि मला विचारले, “हौदाच्या बाहेर तिला माती कुठे आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्यांना पिल्ले हवी आहेत त्यांच्यापुरतीच ही गोष्ट नाही. नर जवळ नसला तरी वयात आलेली मादी अंडी घालते, आणि त्यासाठी तिला माती लागतेच.

मातीची जागा करताना पहिली चूक झाली. हौदाला लागून चार फूट बाय तीन फुटांचा चौथरा बांधला, वर जायला लाकडी फळी लावली आणि येळ्ळूरच्या शेतातली काळी माती आणून दीड फूट भरली. ही माती भाताला उत्तम, पण ओली झाली की चिकटते आणि वाळली की दगडासारखी होऊन भेगाळते. मोठी वर गेली, दोनदा उकरून पाहिले आणि परत फिरली. मग ती माती काढून खानापूरच्या बाजूची तांबडी माती आणि धुतलेली वाळू निम्मी-निम्मी मिसळून भरली, आणि मुठीत दाबली तर गोळा होईल इतकीच ओली ठेवली. तीन आठवड्यांनी, एप्रिलमध्ये, तिने त्या मातीत सहा अंडी घातली. एका हंगामात ती अशी दोन-तीनदा घालते, हेही त्याच वेळी समजले.

त्या सहा अंड्यांचे मी जे केले ते सांगताना आजही वाईट वाटते. पुठ्ठ्याच्या खोक्यात वाळू घालून त्यावर चाळीस वॅटचा दिवा टांगला आणि ते मागाच्या खोलीत ठेवले. कोंबडीची अंडी दिवसातून दोनदा फिरवतात हे लहानपणी पाहिले होते, म्हणून हीही फिरवत राहिले. कासवाच्या अंड्याचे शास्त्र नेमके उलटे आहे. अंडे घातल्यानंतर साधारण एका दिवसात त्यातला इवलासा गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो आणि तिथेच वाढतो. त्यानंतर अंडे उलटले की तो सुटतो किंवा वरून बलकाचा भार येऊन दबतो. पक्षिणीच्या अंड्यात बलकाला दोन्ही बाजूंनी पीळदार दोऱ्यांचा आधार असतो, इथे तो नसतो. शिवाय माझ्या वहीतल्या नोंदी पाहिल्या तर त्या खोक्यातली उष्णता पहाटे २५ आणि दुपारी ३६ अंश होती. चाळीस दिवसांनी वास येऊ लागला तेव्हा मी अंडी उघडली. पाचांत काही धरले नव्हते. सहाव्यात नखाएवढा एक जीव होता, काळेभोर डोळे आणि पाठीवर कवचाची कड उमटू लागलेली. जास्वंदीच्या मुळाशी त्याला पुरले आणि ठरवले की पुन्हा अंडी झाली तर नीट शिकूनच हात लावायचा, नाहीतर लावायचा नाही.

सासूबाई तेव्हा ऐंशीला आल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “कासवी पिल्लास्नी नुसती बघून वाढिवत्या बघ. तू सारखी हात लावालीस.” कासवी आपल्या पिल्लांना दूध देत नाही, जवळ घेत नाही, नुसत्या नजरेने पोसते, ही कल्पना आपल्या कीर्तनांतून आणि संतांच्या वाणीतून घरोघरी पोचलेली आहे, कूर्मदृष्टी हा शब्द त्यातूनच आला. प्रत्यक्षात कासवी अंड्यांवर माती लोटते, पोटाने थापते आणि निघून जाते, पुन्हा वळून पाहत नाही. पण अंडी उबवणाऱ्या माणसासाठी सासूबाईंचे वाक्य अक्षरशः खरे होते. त्याचे पालन करायला मला एक वर्ष लागले.

त्या वर्षात मी उबवणीचे खोके तयार केले. मासे ज्या खोक्यांत बर्फात घालून येतात तसे थर्मोकोलचे मोठे खोके घेतले. तळाशी चार इंच पाणी, त्यात माशांच्या टाकीत वापरतात तो पन्नास वॅटचा हीटर, पाण्यात दोन विटा आणि विटांवर अंड्यांचा प्लास्टिकचा डबा. पाणी तापते, त्याची ऊब आणि दमटपणा डब्याला मिळतो, आणि दिव्यासारखा एका बाजूने चटका बसत नाही. हीटरच्या स्वतःच्या काट्यावर विश्वास ठेवू नये. शेजारच्या इलेक्ट्रिशियन मुलाने वेगळा थर्मोस्टॅट बसवून दिला, त्याची तार मी अंड्यांच्या शेजारी सोडली आणि हीटर त्याच्या हुकमावर चालवला. पाणी आणि अंड्यांची जागा यांच्यात दीड अंशाचा फरक पडतो हे अशाने लक्षात आले. झाकणाच्या आत जमणारी वाफ थेंब होऊन अंड्यांवर पडू नये म्हणून डब्यावर काच तिरपी ठेवली. अंडी नसताना हे खोके मी पंधरा दिवस रिकामे चालवून पाहिले आणि दिवसातून तीन वेळा नोंद केली. नवख्या माणसाने दुसरे काही नाही केले तरी हे जरूर करावे. अंडी आल्यावर यंत्र शिकायला वेळ नसतो.

अंडी ठेवण्यासाठी रोपवाटिकेत मिळणारे व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ओलावा धरून ठेवणारे हलके, भुसभुशीत खनिज, आणले. ते आणि पाणी वजनाने सारखे घ्यायचे. मी दोनशे ग्रॅमला दोनशे ग्रॅम घेतले. मूठ आवळल्यावर पाण्याची धार न लागता एखादाच थेंब यावा. अंड्याचे कवच चामड्यासारखे मऊ असते आणि ते आजूबाजूचा ओलावा शोषते, म्हणून फार ओले झाले तर अंडे फुगून फुटते आणि कोरडे पडले तर खळगा पडतो. डब्याचे वजन अंड्यांसह लिहून ठेवायचे आणि दर आठवड्याला जेवढे कमी भरेल तेवढेच कोमट पाणी कडेने घालायचे, ही युक्ती माझ्या हिशेबी डोक्याला पटली. पूर्ण उबवणीत मला चारच वेळा पाणी घालावे लागले.

२०२२ मध्ये मृग लागण्याच्या दोन-तीन दिवस आधी, ५ जूनला, आभाळ भरून आले असताना संध्याकाळी पाचच्या सुमारास मोठी फळीवरून चौथऱ्यावर गेली. मी दाराआड स्टूल टाकून बसले. तिने आधी चारी बाजूंना फिरून नाक मातीला लावले. मग एका कोपऱ्यात पाठ करून ती थांबली आणि मागच्या पायांनी उकरू लागली. उजवा पाय आत घालून ओंजळीसारखी माती वर काढायची, बाजूला टाकायची, मग डावा. पाय बदलताना क्षणभर थांबायची. माती कडक लागली तिथे तिने शरीरातले पाणी सोडून ती भिजवली. तासाभराने तिच्या पायाची लांबी संपली तेव्हा खड्डा वर अरुंद आणि खाली रुंद, मडक्यासारखा झाला होता. पहिले अंडे पडले तसे तिने मागचा पाय आत घालून ते हलकेच एका बाजूला सरकवले. दुसरे पडले, तेही सरकवले. डोळ्याने एकदाही न पाहता, नुसत्या पायाच्या स्पर्शाने तिने आठ अंडी रचली, माती ओढून घेतली आणि पोटाने दाबून जागा अशी सारखी केली की मी पाहत बसले नसते तर ती मला सापडली नसती. तोवर साडेसात वाजून गेले होते. पहिला पाऊस सुरू झाला तेव्हा ती हौदात उतरली.

तिने पाठ फिरवल्यावर मी चमच्याने माती बाजूला केली. प्रत्येक अंडे खड्ड्यात होते त्याच स्थितीत असताना वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने क्रमांक घातला आणि मगच उचलून, वरची बाजू वरच ठेवून, व्हर्मिक्युलाइटमध्ये अर्धे बुडेल असे बसवले. आठ अंड्यांना पाऊण तास लागला. नंतर अंडे चुकून हलले तरी पेन्सिलीची खूण पाहून ते पूर्ववत ठेवता येते.

आता उष्णता किती ठेवायची हा प्रश्न होता, आणि या प्रश्नावर मी सर्वांत जास्त विचार केला. या कासवांत पिल्लू नर होणार की मादी हे उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शातली उष्णता ठरवते. २६ अंशांच्या आसपास सगळे नर होतात, ३१ च्या वर सगळ्या माद्या, आणि २९ च्या जवळपास दोन्ही. जास्त उष्णतेत अंडी लवकर, साधारण दोन महिन्यांत किंवा त्याआधी, फुटतात. कमी उष्णतेत जास्त दिवस लागतात. कोणाच्या जन्माचे असे काही आपण एका बटणावर ठरवावे हे मला सुरुवातीला जड गेले. पण मादी नरापेक्षा पुष्कळ मोठी होते, तिला मोठा हौद आणि मातीची जागा लागते, आणि ती वर्षानुवर्षे अंडी घालत राहते. ही पिल्ले तीस-तीस वर्षे जगणार होती आणि त्यांना घरे शोधायची होती. लहान राहणाऱ्या नराला चांगले घर मिळणे सोपे. मी थर्मोस्टॅट साडेसव्वीसवर ठेवला. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि पावसाळ्यात मागाची खोली बाविसाच्या वर क्वचितच जाते, त्यामुळे वरून जास्त तापण्याची भीती नव्हती. एप्रिल-मेमध्ये हेच साधता आले नसते, कारण माझे यंत्र फक्त तापवू शकत होते, थंड करू शकत नव्हते.

तिसऱ्या दिवसापासून अंड्यांच्या वरच्या भागावर खडूसारखा पांढरा डाग दिसू लागला. बाकीचे अंडे अजून अर्धपारदर्शक, गुलाबीसर; आणि तो डाग रोज थोडा पसरत पट्ट्यासारखा अंड्याला वेढत जाई. अंड्याने जीव धरल्याची ही खूण आहे. सहा अंड्यांवर ती आली. चौथे आणि सातवे पिवळसरच राहिले. ती रिकामी होती. तरी त्यांना मी वास येईपर्यंत काढले नाही, कारण आधीच्या वर्षी घाई काय करते ते पाहिले होते. पंधराव्या दिवशी रात्री खोलीतला दिवा मालवून, अंडे न उचलता, त्याच्या कडेला लहान टॉर्च टेकवून पाहिले. आत लाल शिरांचे एक जाळे होते, कोळ्याच्या जाळ्याएवढे बारीक, आणि त्याच्या मध्यावर एक काळा ठिपका. सासूबाईंना हाताला धरून आणले आणि दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाचा जोर सर्वांत जास्त असताना, रात्री अकराला गल्लीच्या तोंडाशी झाड पडून तारा तुटल्या. वीज दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आली. उबवणीचा मधला काळ चालू असल्याने मी फार घाबरले. यजमानांनी पाणी कोमट करून बाटल्यांत भरले, बाटल्या टॉवेलात गुंडाळून डब्याच्या बाजूंना लावल्या, खोक्यावर दोन घोंगडी घातली आणि मग दोघेही झाकण न उघडता बसलो. सकाळी आकडा २३ होता. इतक्या घसरणीने गर्भ मरत नाही. त्याची वाढ मंदावते, एवढेच. त्याच्या उलट, फार तापले आणि तसेच राहिले तर तो वाचणे कठीण. त्या रात्री घाबरून उकळते पाणी ओतले असते तर सगळे गेले असते. मुंग्यांचा त्रास मात्र वीज जाण्याहून अधिक होता. खोके एका स्टुलावर ठेवले आणि लोणच्याच्या बरणीला करतो तसे स्टुलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, तेव्हा तो थांबला.

पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या अंड्यातल्या शिरा काळवंडल्या आणि ते अंडे गेले. उरलेली पाच फुगीर आणि पूर्ण पांढरी होती. सत्तराव्या दिवशी त्यांच्या बाजूंना खळगे पडू लागले. फुटण्याच्या आधी असे होते हे वाचले होते, तरी मी दोन दिवस रात्री नीट झोपले नाही.

१८ ऑगस्टला, चौऱ्याहत्तराव्या दिवशी, पहाटे झाकण काढले तर पाचव्या क्रमांकाच्या अंड्याला टोकाशी केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून चिकट पाणी आले होते. पिल्लाच्या नाकाखाली तांदळाच्या कणीएवढे एक टोक असते, त्याने ते कवच फाडते. काही दिवसांनी ते टोक गळून पडते. तासाभराने चिरेतून नाक दिसले, मग एक डोळा, आणि डोळ्यामागची लाल रेघ. त्यानंतर ते थांबले. दिवस गेला, रात्र गेली, ते तसेच डोके बाहेर ठेवून अंड्यात बसून राहिले. कवच थोडे फाडून द्यावे म्हणून माझे हात शिवशिवत होते. पण पिल्लाच्या पोटाला उरलेल्या बलकाची पिशवी असते आणि ते आत बसून ती शोषून घेत असते. ओढून काढले तर पिशवी फाटते आणि पिल्लू मरते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आपणहून बाहेर आले. हिरवे गर्द कवच, पोटावर पिवळ्यावर काळे ठसे, प्रत्येक ठसा वेगळा. ओळखीच्या सराफाच्या तराजूवर ते सात ग्रॅम भरले. पुढच्या चार दिवसांत बाकीची चार आली. त्यांतले एक घाईने बाहेर पडले होते आणि त्याच्या पोटाला हरभऱ्याएवढी पिवळी पिशवी लोंबत होती. त्याला ओल्या सुती कापडावर स्वतंत्र वाटीत उबवणीच्या खोक्यातच ठेवले. तिसऱ्या दिवशी पिशवी आत गेली आणि पोटावर एक बारीक रेघ राहिली.

पिल्लांच्या संगोपनाचे थोडक्यात सांगते. पहिले चार-पाच दिवस ती खात नाहीत आणि त्यांना भरवू नये. पाणी त्यांच्या कवचाच्या रुंदीएवढेच खोल आणि कोमट ठेवावे, नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून वापरावे, आणि बसायला एक कोरडा दगड असावा. सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास मिळाले पाहिजे, काचेतून आलेले नव्हे, कारण काच नेमके तेच किरण अडवते ज्यांच्यामुळे कवच घट्ट होते. कॅल्शियमसाठी मी काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेस आणून त्याचा तुकडा पाण्यात टाकते. पिल्ले तो कुरतडतात. पहिला खाऊ म्हणून डासांच्या अळ्या आणि गांडुळाचे बारीक तुकडे दिले. आणि एक गोष्ट लहान मुले असलेल्या घरांसाठी: कासवांच्या अंगावर सॅल्मोनेला नावाचे जिवाणू असतात, कासव निरोगी दिसत असले तरी. लहान मुलांना त्यातून आजार होत म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. आमच्या घरी कासवांची बादली आणि ब्रश वेगळे आहेत, ते स्वयंपाकघरात येत नाहीत, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी कशाला शिवत नाही.

पिल्ले झाल्याचे कळल्यावर ती बघायला गल्ली लोटली आणि प्रत्येकाने एकच सल्ला दिला, की मोठी झाली की कपिलेश्वराच्या तळ्यात सोडा, पुण्य लागेल. कोणी राकसकोप जलाशयाचे नाव घेतले, कोणी मार्कंडेय नदीचे. वनखात्यातल्या त्या गृहस्थांचे बोलणे तेव्हा मला आठवले. हे कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत आहे. ते चिवट आहे, काहीही खाते, उन्हाची जागा बळकावते, आणि आपली देशी कासवे त्याच्यापुढे मागे पडतात. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. कृष्णेच्या खोऱ्यातल्या आपल्या नद्यांत मऊ कवचाची जी कासवे अजून तग धरून आहेत, त्यांच्या वाट्याला वाळूउपसा आणि चोरटी शिकार आधीच आली आहे; त्यांत माझ्या हौदातून भर पडता कामा नये. मी प्रत्येकाला हे सांगितले. काहींना पटले, काहींना माझा हट्ट वाटला.

तीन पिल्ले मी दिली, दोन ठेवली. देताना पैसे घेतले नाहीत, पण हौद स्वतः जाऊन पाहिला आणि कागदावर लिहून घेतले की नको झाले तर मलाच परत द्यायचे. एक खानापूरला माझ्या सहकारी बाईंकडे आहे, एक निपाणीला एका शिक्षक दांपत्याकडे. तिसऱ्याचे घर फ्लॅटमध्ये हलले तेव्हा, २०२४ मध्ये, त्यांनी ते प्रामाणिकपणे आणून दिले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पाचांना घरे मिळवताना मला जे हिंडावे लागले त्यावरून पुढची अंडी उबवायची नाहीत हे नक्की झाले. मी धाकट्याला वेगळ्या हौदात ठेवले. तरीही २०२३ च्या अंड्यांवर तो पांढरा डाग आला, कारण मादी नराचे बीज शरीरात काही वर्षे साठवून ठेवू शकते. तेव्हापासून अंडी घातली त्याच रात्री, आतला जीव वाढू लागण्याच्या आधी, मी ती काढून फ्रीजरमध्ये ठेवते आणि दोन दिवसांनी जास्वंदीखाली पुरते. पहिल्या वेळी हे सासूबाईंना कसे सांगावे हे मला समजत नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “जीव धरायच्या आधीच नव्हं?” मी हो म्हटले. “मग ती माती तिला दे, आनी ते तुझं तू कर,” म्हणाल्या. मोठीला मातीची जागा मी कधीही कमी केली नाही.

पिल्लू नर आहे की मादी हे त्याच्याकडे पाहून पहिली तीन-एक वर्षे सांगता येत नाही, त्यामुळे साडेसव्वीस अंशांचा माझा निर्णय खरा ठरला की नाही हे समजायला मार्ग नव्हता. वीज गेलेल्या रात्रीचा आणि एक-दोन वेळा अठ्ठावीसवर गेलेल्या आकड्यांचा विचार मनात येई. घरातल्या तिघांचे कवच आता अकरा सेंटिमीटरच्या पुढे गेले आहे. गेल्या श्रावणात, २०२५ मध्ये, सकाळी पाणी बदलायला गेले तर दोघांच्या पुढच्या पायांची नखे लांबलेली दिसली. तिसऱ्याची अजून आखूड आहेत. सासूबाई कट्ट्यावर बसल्या होत्या. पोटाला पिशवी घेऊन जन्मलेले ते पिल्लू, पोटावरच्या ठशांवरून मी त्याला ओळखते, पाण्यात जांभ्याच्या चिऱ्यासमोर स्थिर झाले, दोन्ही पाय पुढे धरले आणि दगडापुढेच नखे थरथरवू लागले. पाण्यावर बारीक लहरी उठल्या.

“बापावर गेलाय,” सासूबाई म्हणाल्या. मी आत जाऊन वहीत पाचव्या पानावर, जिथे त्याचे जन्माचे वजन लिहिले होते, तिथे समोर ‘नर’ असे लिहिले.